भिंतीतून गेलेली रेघ

५ फेब्रुवारी

छोट्या,

पत्र फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड. सहा वर्षांत मी तुला चार फोन केले आणि चारही वेळा तू नंबर बघून घेतला नाहीस, हे मला कळतं रे. शेवटच्या वेळी पिल्लूने उचलला होता. "आत्या?" एवढंच म्हणाली, मागून तुझा आवाज आला आणि फोन बंद झाला. म्हणून आता पोस्टाने येतेय. पोस्टमनच्या तोंडावर तरी तू दार आपटणार नाहीस.

मी रिटायर झाले, ऑक्टोबरात. एकतीस वर्षं नगरपालिकेच्या नकाशा विभागात काचेच्या टेबलावर वाकून काढली, आता पाठ म्हणते मी काही सरळ व्हायची नाही. निरोपाच्या दिवशी साहेबांनी माझ्या हाताचं केवढं कौतुक केलं. म्हणे, "बाईंची रेघ म्हणजे रेघ!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी आले, दोन भांडी पडली होती ती घासली आणि पडून राहिले.

मग दोन महिने घर नुसतं खायला उठलं. आणि एक दिवस नर्सबाई दारात उभी. सरकारी दवाखान्याची आहे, घरोघर फिरून बाळंतिणींना आणि म्हाताऱ्यांना तपासते. हातात मोबाइल. मला विचारते, "ताई, तुमच्या मागच्या बोळाला काय म्हणतात?" मी म्हटलं, "का गं, बोळासाठी स्थळ बघतेयस का?" खळखळून हसली. मग आत येऊन बसली, चहा प्यायली, आणि सांगायला लागली की तिला पेशंटची घरं सापडत नाहीत. नगरपालिकेच्या नकाशात मागच्या वस्त्या एक तर कोऱ्या आहेत, नाहीतर चुकीच्या. म्हणून ती आणि आणखी काही जण पायी फिरून स्वतःच नकाशा करतायत. सगळ्यांसाठी उघडा. कुणीही बघावा, कुणीही वापरावा, कुणीही दुरुस्त करावा.

मी म्हटलं, "जे सगळ्यांचं असतं ते कुणाचंच नसतं बाई. त्याची राखण कोण करणार?"

"तुम्ही करा की," म्हणाली. अस्सा माझा बकरा झाला.

तर आता दर रविवारी सकाळी आम्ही फिरतो. ती, मी आणि आणखी एक जण. तो कोण ते आज सांगत नाही. गुडघे कुरकुरतात, पण भाजीबाजाराच्या मागे मला एक दगडी जिना सापडला, जो मी एकतीस वर्षांत एकदाही काढला नव्हता! त्यावरून रोज शंभर माणसं चढतात उतरतात. मला लाजच वाटली.

आमचं एकच मागणं आहे. हा नकाशा नगरपालिकेने स्वतःचा म्हणून घ्यावा आणि अग्निशमनाच्या गाड्यांत, रुग्णवाहिकांत तोच बसवावा. नर्सबाईचा अर्ज आठ महिने फायलीत पडून आहे. आता मी पाठीमागे लागलेय.

रुग्णवाहिका हा शब्द वाचून तुझ्या कपाळावरची शीर तट्ट फुगली असेल. मुद्दाम लिहिलाय. त्याबद्दलच लिहायचंय मला, पण एका दमात जमत नाही.

ताई


२३ फेब्रुवारी

छोट्या,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी रोज खाली जाऊन पेटी उघडते. काल त्यात कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका होती, तीसुद्धा शेजारणीची.

तिसरा माणूस कोण ते सांगते. खाली बस आधी. ड्रायव्हर. हो, तोच.

रागाने पत्र चुरगाळलंस ना? आता सरळ कर आणि पुढचं वाच. मला सगळं आठवतं. मास्तरीणबाईंना, पिल्लूच्या आईला, शाळेतून येताच दम लागला, दुपारचे अडीच वाजले होते, तू फोन केलास. गाडी सहा मिनिटांत यायला हवी होती. तो तळ्याच्या बोळात घुसला आणि गोदामाच्या भिंतीसमोर जाऊन उभा राहिला. पुढे रस्ताच नाही. दोन्हीकडे लावलेल्या हातगाड्या हलवत, रिव्हर्स घेत तो बाहेर आला, मग पुलावरून वळसा. सतरा मिनिटं जास्त. तू तिला मांडीवर घेऊन बसला होतास आणि पिल्लू खिडकीतून रस्त्याकडे बघत होती. पाच वर्षांची पोर.

तू तक्रार केलीस. तो म्हणाला, गाडीतल्या यंत्रावर रस्ता दिसत होता. चौकशीत नकाशा उघडला, तर रस्ता नव्हताच. खोटारडा ठरला, नोकरी गेली. पुढे कोर्टात साक्षीला ये म्हणून तू माझ्याकडे आलास, नकाशा विभागातली बाई सख्खी बहीण आहे म्हटल्यावर तेवढा हक्क तुझा होताच. मी आले नाही. डोकं दुखतंय म्हणाले, मग ऑफिसातून परवानगी नाही म्हणाले. तू दारात उभा राहून म्हणालास, "ताई, तू त्या माणसाची बाजू घेतलीस." महिन्याभरात घर बंद करून पोरीला घेऊन गेलास.

मी त्याची बाजू घेतली नव्हती रे. का आले नाही त्याला कारण आहे. ते आज नाही लिहीत.

त्याच्याबद्दल लिहिते. आता तो बेकरीची गाडी चालवतो, पाव पोचवतो दुकानांना. पहिल्या रविवारी मला बघून उठला आणि स्वतःची खुर्ची मला दिली. म्हणाला, "ताई, तुमच्या भावाचा माझ्यावर राग आहे तो बरोबरच आहे. माझी बायको गेली असती तर मीही तसाच वागलो असतो."

त्याची एक सवय आहे. बोळ संपला की तो थेट शेवटपर्यंत जातो आणि भिंतीला हात लावतो, मगच मोबाइलवर खूण करतो. आम्हाला लांबूनच दिसत असतं की पुढे भिंत आहे. नर्सबाई चिडवते, "अहो, ती काय पळून जाणारेय?" तो म्हणतो, "डोळ्यांचं काही सांगता येत नाही बाई." दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, असं ती मला हळूच म्हणाली.

पिल्लूला दमा नाही ना? एवढं तरी कळव.

ताई


१५ मार्च

छोट्या,

काल आम्ही तिघं मोठ्या साहेबांना भेटलो. ज्या ऑफिसात मी एकतीस वर्षं मागच्या दाराने चप्पल काढून गेले, तिथे पुढच्या दाराने जाताना उगाच अवघडल्यासारखं झालं. शिपाई म्हणाला, "बाई, विसरलात का काही?"

साहेब नवे आहेत. हुशार आहेत, माणूस वाईट नाही. नर्सबाईने मोबाइलवर सगळं दाखवलं. कुठला बोळ किती रुंद आहे, कुठे पायऱ्या आहेत, कुठे गाडी वळत नाही, कुठे हातगाड्या लागतात. साहेबांनी नीट पाहिलं. मग चष्मा काढला आणि म्हणाले, "काम छान आहे. पण हा नकाशा कुणीही बदलू शकतो. उद्या कुणी टवाळखोराने काहीतरी घुसडलं तर जबाबदार कोण? आमच्या नकाशावर सही असते. शिक्का असतो. आणि आमच्या नकाशामुळे कधी कुणाचं नुकसान झाल्याची एक तरी नोंद दाखवा मला."

ड्रायव्हर माझ्या शेजारी बसला होता. त्याने मान खाली घातली. सहा वर्षांपूर्वीची चौकशी याच इमारतीत झाली होती, आणि नोंद होती ती त्याच्या नावावर. नर्सबाई माझ्याकडे बघत होती, की ताई एवढी वर्षं इथे होती, आता ताई बोलेल. ताई बोलली नाही. ताईने पदराने घाम पुसला.

बाहेर आल्यावर नर्सबाई भडकली. "नुसते उंटावरून शेळ्या हाकतात! जबाबदार कोण म्हणे. आमच्यात तर सगळं दिसतं कोण जबाबदार ते."

ती जे म्हणाली ते मला आठच दिवसांपूर्वी कळलं होतं, ते कसं ते ऐक. मी एका बोळाच्या तोंडाशी चुकून फाटक दाखवलं होतं. फाटक होतं पलीकडच्या बोळाला. घरी आल्यावर लक्षात आलं, म्हणून कुणाला न सांगता काढून टाकलं. म्हटलं, कशाला बभ्रा. तर रविवारी भेटल्याबरोबर नर्सबाई म्हणते, "ताई, गुरुवारी दुपारी तुम्ही ते फाटक काढलंत ना? बरं केलंत, मलाही शंका होती."

मी म्हटलं, तुला कसं कळलं? तिने दाखवलं. कुठलीही खूण घे, ती कुणी टाकली, कुणी बदलली, कुठल्या दिवशी, किती वाजता, सगळं खाली लिहिलेलं. काढून टाकलेलंही पुसत नाही, ते मागे तसंच राहतं. कुणालाही बघता येतं.

"इथे खाडाखोड लपत नाही ताई," असं ती अगदी सहज म्हणाली. पण चोराच्या मनात चांदणं. मी गुडघ्याचं निमित्त केलं आणि घरी निघून आले. त्या दिवशी जेवले नाही.

साहेबांनी एक सवलत दिली आहे. दोन एप्रिलला सर्वसाधारण सभा आहे, त्यात आमच्यातल्या एकाला दहा मिनिटं बोलू देणार. नर्सबाई म्हणते, ताई तुम्हीच बोला, तुमची रेघ सगळ्यांना माहीत आहे.

ताई


३१ मार्च

छोट्या,

परवा सभा आहे. ती झाली की पेपरात येईल आणि तुला कुणीतरी फोन करून सांगेल. त्याआधी माझ्याकडून कळायला हवं. हे पत्र मी आज स्वतः मोठ्या पोस्टात नेऊन टाकणार आहे, म्हणजे वेळेत पोचेल.

यंत्रावर रस्ता होता. ड्रायव्हर खरं बोलला होता.

ती रेघ मी काढली होती.

आता नीट सांगते, काही लपवत नाही. आमच्याकडे, असलेला रस्ता सलग रेघेने काढतात आणि होणारा रस्ता तुटक रेघेने. तळ्याच्या बोळातून गोदामाची भिंत पाडून तुमच्या चाळीपर्यंत रस्ता जायचा होता, मंजूर झालेला. सगळे नकाशे कॉम्प्युटरवर चढवायचे म्हणून प्रत्येक पान पारदर्शक फिल्मवर नव्याने काढायला आमच्याकडे आलं. त्याच आठवड्यात त्या रस्त्याच्या कामाचा आदेश निघाला. आमच्या विभागात एक पद्धत होती. आदेश निघाला की रेघ जोडून टाकायची. कारण तुटक काढली तर तीन महिन्यांनी रस्ता होणार आणि पान परत काढावं लागणार. सगळेच तसं करायचे, मला शिकवलंही तसंच होतं. मी जोडली. सुंदर, एका हाताने, न थांबता. कोपऱ्यात माझी आद्याक्षरं टाकली.

मग गोदामवाला कोर्टात गेला आणि काम कायमचं अडलं. पान तसंच राहिलं, आणि तसंच गाडीतल्या यंत्रात गेलं.

तुला सगळ्यात वाईट काय वाटेल ते मला माहीत आहे, कारण मलाही तेच वाटतं. ती भिंत मला माहीत होती. दर रविवारी मी तुमच्याकडे जेवायला यायचे ती त्याच भिंतीला वळसा घालून, पुलावरून, हातात पिशवी घेऊन. मास्तरीणबाई चिडवायच्या, "वन्सं, तुमच्या नगरपालिकेला सांगून भिंत पाडा की, पाय तरी वाचतील तुमचे." मी हसायचे. रविवारी भिंतीला वळसा घालणारी मी आणि सोमवारी टेबलावर बसणारी मी, दोघींची जणू ओळखच नव्हती. कागदावर आदेश आला म्हणजे रस्ता आला, असंच डोक्यात बसलेलं.

ती गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी तू मला स्वयंपाकघरात विचारलंस, "ताई, तुमच्या नकाशात तिथे रस्ता आहे का गं?" तुझे डोळे सुजले होते. मी म्हणाले, "नाही. तुटक रेघ आहे, होणारा रस्ता."

खोटं आधी तोंडातून गेलं. मग दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन ते खरं केलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर पान काढलं, ब्लेड घेतलं, शाई खरवडली आणि तुटक रेघ काढली. कॉम्प्युटरवाल्याला म्हणाले, जुन्या पानावर डाग पडलाय, हे नवं चढव. त्याने चढवलं. चौकशीच्या दिवशी यंत्रात तेच होतं. त्या माणसाला सगळ्यांनी मिळून खोटारडा ठरवलं, मी माझ्या टेबलावर बसून भिंतीपलीकडून ऐकत होते.

तुझ्या बाजूने साक्षीला आले असते तर शपथेवर परत खोटं बोलावं लागलं असतं. तेवढं धैर्य नव्हतं. खरं बोलायचं त्याहून नव्हतं. म्हणून डोकं दुखलं.

छोट्या, आईनंतर तुला मी वाढवलं. तुझी शाई सांडलेली वही मीच परत लिहून द्यायची, मास्तरांना कळू नये म्हणून. सावरून घ्यायची सवय होती हाताला. पण इथे मी तुला नाही सावरलं, मला सावरलं. तुझ्याकडे मी माफी मागत नाही, मागायला तोंड नाही. फक्त एकच मागते. त्या माणसावरचा राग काढून घे. त्याने तुझं काही बिघडवलेलं नाही. राग ठेवायचा तर त्याचा पत्ता बदल.

ड्रायव्हरला मी अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगणार आहे.

ताई


५ एप्रिल

छोट्या,

त्याला आदल्या दिवशी सांगायला गेले होते. त्याच्या दारापर्यंत गेले. आतून भांड्यांचा आवाज येत होता, बायको काहीतरी बोलून हसली. मी परत फिरले. त्यामुळे बिचाऱ्याला भर सभेत, साठ माणसांत कळलं. ही माझी आणखी एक करणी, तीही लिहून ठेवते.

मी उभी राहिले तेव्हा साहेबांनी तोच प्रश्न विचारला. कुणीही बदलू शकेल त्या नकाशाला जबाबदार कोण? मी म्हटलं, "साहेब, तुमच्या सही-शिक्क्याच्या नकाशात एका बाईने रेघ खोडली आणि सहा वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. ती बाई मी." मग सांगितलं सगळं. कुणाला विश्वास बसेना. एक सदस्य म्हणाला, बाईंची तब्येत बरी नाही वाटतं. मी म्हटलं, पान मागवा. काचेच्या टेबलावर ठेवा आणि खालचा दिवा लावा. शाई जाते, पण ब्लेडने फिल्म खरवडलेली असते, ती जागा दुधासारखी पांढुरकी दिसते.

पान आणलं. सगळे उठून नकाशा विभागात गेले. माझ्याच टेबलावर माझ्या जागेवर दुसरी मुलगी बसली होती, ती बाजूला झाली. दिवा लागला. पांढुरका पट्टा दिसला, भिंतीच्या आरपार, तळ्याच्या बोळापासून थेट तुमच्या चाळीपर्यंत.

ड्रायव्हर सगळ्यांच्या मागे होता. वाट काढत पुढे आला, वाकून ते पाहिलं आणि मला विचारलं, "म्हणजे त्या दिवशी यंत्रावर रस्ता होता?"

"होता."

"मला खरंच दिसला होता?"

"दिसला होता."

तो तिथेच स्टुलावर बसला आणि रडायला लागला. एवढा मोठा माणूस, सगळ्यांदेखत. म्हणाला, "मला वाटायला लागलं होतं माझ्याच डोळ्यांत काही खोट आहे. बायकोलाही तेच वाटत होतं. पोरांना गाडीत बसवायची नाही ती माझ्या." नर्सबाईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा दोन थोबाडीत मारली असती तरी बरं वाटलं असतं.

ठराव झाला. एकोणीस विरुद्ध सात. नगरपालिका आमचा नकाशा घेणार, यंत्रांत बसवणार आणि दुरुस्त करायला आपला एक माणूस नेमणार. जुनी चौकशी परत उघडणार. माझीही चौकशी लागेल, ती लागायलाच हवी. आमचं काम झालं, आणि आम्ही तिघं तीन दिशांनी घरी गेलो. रविवारी ठरलेल्या जागी मी जाऊन उभी राहिले. दोघंही आले नाहीत. मी एकटीच दोन बोळ करून आले.

तुझ्याकडे पत्र पोचलं असेल.

ताई


१२ जून

छोट्या,

काल तू येऊन गेलास.

नर्सबाई आता जेवढ्यास तेवढं बोलते, पण तिनेच आज सकाळी सांगितलं. तू पिल्लूला घेऊन थेट ड्रायव्हरच्या घरी गेलास. दोन तास बसलास. त्याच्या बायकोने दार उघडलं आणि तुला ओळखून आधी दार लावूनच घेतलं, मग त्याने येऊन उघडलं. तू त्याचे हात धरलेस. त्याला नोकरीवर परत घ्यायचं पत्र आलंय, अजून त्याने उत्तर दिलेलं नाही, तर तू म्हणालास जा, माझ्यासाठी जा. हे सगळं तिला त्याच्या बायकोने सांगितलं. मला सांगताना नर्सबाई दारातच उभी होती, आत ये म्हटलं तरी आली नाही.

पण तू आलायस हे मला त्याआधीच माहीत होतं. मी पाहिलं तुम्हाला.

दुपारी मी खिडकीशी भाजी निवडत बसले होते. तुम्ही तिघं खालून निघालात, पुलाकडे. तो तुला त्या दिवशीचा रस्ता दाखवायला नेत असावा. आधी तुला ओळखलंच नाही मी. केस केवढे गेले रे तुझे. ओळखलं ते पिल्लूवरून. किती उंच झालीय! दप्तराची पिशवी काखेत दाबून चालते, अगदी मास्तरीणबाई. माझ्या हातातली सुरी खाली पडली.

ड्रायव्हर माझ्या घराखाली थांबला. त्याला माहीत आहे खिडकी कुठली ते. त्याने तुला काहीतरी सांगितलं. तू थांबलास. वर पाहिलं नाहीस, नुसता उभा राहिलास, चपलेने एक खडा इकडून तिकडे सरकवलास. पिल्लूने मात्र वर पाहिलं. मी पडद्यामागे होते, तिला दिसले नसेन. मग तू तिच्या पाठीवर हात ठेवलास आणि तुम्ही पुढे गेलात.

बरं केलंस. खरं सांगते, बरं केलंस. आधी त्याच्याकडेच जायला हवं होतं. माझ्याकडे यायलाच हवं असं कुठे लिहून ठेवलंय? तो राग काढून घे एवढंच मी मागितलं होतं, आणि तू दिलंस. न मागितलेल्याची आशा करत बसणं हा माझा हावरटपणा.

पण मी तुला हाक मारली नाही. दोनदा तोंड उघडलं. एक मजला वर होते नुसती, साध्या आवाजात म्हटलं असतं तरी तुला ऐकू गेलं असतं. लहानपणी कुठल्याही गर्दीत माझी हाक ऐकून तू धावत यायचास. काल वाटलं, हाक मारली आणि तू तसाच चालत राहिलास तर? आणि थांबलास, तर तुझ्या तोंडाकडे बघून मी काय बोलणार होते?

तुम्ही कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी पडदा धरून उभी होते. त्यानंतरही उभी होते.

पुढे कधी इथे आलास आणि खालून गेलास, तर मी हाक मारू की नको, एवढं मला कळव. एका शब्दात कळवलंस तरी चालेल. नको असेल तर नको लिही, मी रागावणार नाही.

ताई